तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कपाट, मग मोहीम

सह्याद्रीतील वनस्पतींविषयी कुठेही बोलायला गेलो, की व्याख्यान संपल्यावर एक प्रश्न हमखास येतो. कधी निसर्गमंडळातला एखादा तरुण तो विचारतो, कधी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. अलीकडे एका कारखान्याच्या सीएसआर (सामाजिक कामांसाठीच्या) निधीचे काम पाहणाऱ्या बाईंनी तो फारच नेमका विचारला: "सर, आपल्याकडच्या जातींचे वर्गीकरण आणि नोंदी यांसाठी एक कोटी रुपये द्यायचे ठरवले, तर तुम्ही ते आधी कशावर खर्च कराल?" मी उभ्याउभ्या "कपाटांवर" असे उत्तर दिले आणि सभागृह हसले. मी विनोद केला नव्हता. त्या दिवशी वेळ नव्हता, म्हणून राहिलेले उत्तर येथे लिहितो.

ऐकणाऱ्यांच्या मनात असते ती मोहीम. पावसात भिजलेली माणसे, कड्यावर फुललेले अनोळखी फूल आणि दुसऱ्या दिवशीची "नव्या जातीचा शोध" अशी बातमी. या चित्राची मी थट्टा करत नाही, कारण अशा शोधातून खरोखर काम झालेले मी पाहिले आहे. आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी महादेवाचे मंदिर आहे. तिथल्या कुंडातील एका छोट्या रंगीत माशाचे शास्त्रीय वर्णन २०२० साली 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या नावाने प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. नाव मिळाल्यावर वर्षभरात संरक्षण मिळाल्याची उदाहरणे आपल्याकडे फारशी नाहीत. असे असताना मी मोहिमेचा क्रमांक शेवटी का लावतो, हा तुमचा पुढचा प्रश्न रास्तच आहे.

एखादी जात नवी आहे असे म्हणण्यापूर्वी तिच्या सगळ्या जुन्या भावंडांशी तिची तुलना करून ती त्यांपैकी कोणी नाही, हे दाखवावे लागते. ही तुलना डोंगरावर होत नाही. ती होते संग्रहालयात, ज्या नमुन्यावरून मूळ वर्णन लिहिले गेले तो नमुना किंवा निदान त्याचे स्पष्ट छायाचित्र समोर ठेवून. पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील संशोधकांनी २०१२ साली एक हिशेब मांडला होता: नव्या जातीचा नमुना गोळा झाल्यापासून तिचे वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात. म्हणजे उद्या ज्यांची बातमी होणार आहे त्यांतल्या पुष्कळ जाती आज कुठल्यातरी कपाटात, चुकीच्या किंवा अर्धवट नावाखाली, वर्तमानपत्राच्या घडीत पडलेल्या आहेत. कपाट टिकले तर त्या सापडतील, एवढाच माझ्या म्हणण्याचा आधार आहे.

कपाट टिकणे म्हणजे काय, हे ज्यांनी हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, पाहिलेले नाही त्यांना सांगायला हवे. रानातून आणलेली फांदी टिपकागदांमध्ये दाबायची, पहिले आठवडाभर रोज कागद बदलायचे, ती किडीपासून वाचावी म्हणून विषारी द्रावणातून काढायची आणि मग साधारण ४२ सेंटिमीटर लांब व २८ सेंटिमीटर रुंद अशा जाड कागदावर चिकटवून, जाड देठ दोऱ्याने शिवून, उजव्या कोपऱ्यात ठिकाण, तारीख, उंची आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहायचे. असा एक कागद नीट सांभाळला तर दोनशे वर्षेही टिकतो. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र दोन महिने कपाट उघडले नाही की बुरशी धरते, आणि डांबरगोळ्या संपल्या की कसर व भुंगेरे कागद सोडून नेमकी फुलेच खातात, कारण फुलांतच त्यांच्या आवडीचे सगळे असते. वर्गीकरणाला हवी असतात तीही फुलेच.

ज्या महाविद्यालयात मी उमेदीची वर्षे काढली, तिथल्या हर्बेरियमची देखभाल एक प्रयोगशाळा परिचर करत असत. वनस्पतिशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती, पण गवतांची कोणती चवड हलवायची नाही आणि कुठल्या खणाला ओल येते हे त्यांना माझ्याहून अधिक माहीत होते. ते निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि चौथ्या पावसाळ्यानंतर मी भेंडीच्या कुळाचे कपाट उघडले तेव्हा हातात भुसा आला. कागद शाबूत होते, त्यांवरची अक्षरे शाबूत होती, आणि मधे देठांच्या सावल्या उरल्या होत्या. त्यांतले काही नमुने आता धरणाखाली गेलेल्या गावांतले होते.

म्हणून त्या कोटीतले साठ लाख मी मुदत ठेवीत ठेवीन आणि त्याच्या व्याजावर एक माणूस कायमचा नेमीन. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला ४ लाख २० हजार, म्हणजे महिना ३५ हजार रुपये होतात. एवढ्यात एक पदव्युत्तर तरुण किंवा तरुणी जिल्ह्याच्या गावी राहून हे काम करू शकते. वेतनवाढीचे काय, हा प्रश्न मला सुचलेला आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही, पण शून्य माणसापेक्षा एक माणूस बरा. सरकारी अनुदानातून मात्र हे करता येत नाही. तिथे पैसा तीन वर्षांसाठी येतो, खात्यात पडून राहिलेल्या रकमेवरचे व्याजदेखील शासनाला परत करावे लागते, आणि ठेव म्हणून गुंतवणूक करण्याचा तर प्रश्नच येत नाही. खासगी देणगीदाराला हे शक्य आहे, आणि म्हणूनच बाईंच्या प्रश्नाने मला एवढा हुरूप आला.

तीन वर्षांच्या प्रकल्पाविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते. सड्यांवरची, म्हणजे खडकाळ पठारांवरची, बहुतेक फुले जुलै ते सप्टेंबर या काळात येतात आणि काही तर आठ-दहा दिवसांत आटोपतात. माझ्या एका प्रकल्पाचा दुसरा हप्ता नोव्हेंबरमध्ये आला. पठारावर तेव्हा वाळके गवत होते. प्रवासाचा पैसा त्या वर्षी वापरला गेला नाही, त्यामुळे मार्चअखेर युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कसे खर्च झाले याचा दाखला) देताना शिल्लक दिसली, आणि शिल्लक दिसली म्हणून पुढचा हप्ता कमी झाला. वनस्पतींनी लेखापालांचे वेळापत्रक पाळावे अशी अपेक्षा असेल, तर निदान गहू-हरभऱ्यावर संशोधन तरी करावे.

दुसरा क्रमांक मी गटवार फेरतपासणीला देतो आणि त्यासाठी पंचवीस लाख ठेवतो. एका प्रजातीतील (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) भारतात नोंदलेल्या सगळ्या जाती घ्यायच्या, त्यांचे मूळ नमुने पाहायचे, जुन्या ठिकाणी पुन्हा जायचे आणि किती जाती खऱ्या, किती नावे फुकाची, हे ठरवायचे. कंटाळवाणे वाटणारे हे काम आहे. मी असा एक प्रस्ताव पाठवला होता, तो "यात नावीन्य काय?" अशा शेऱ्यासह परत आला. नावीन्य होते, पण ते उत्तरात होते. प्रस्तावात ते लिहायचे तर निकाल आधीच माहीत असायला हवा होता.

सफेद मुसळीचे उदाहरण घ्या. जिच्या कंदांना औषधी बाजारात मोठी मागणी आहे, त्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव 'क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम' असे आहे, आणि त्यातले बोरिव्हिली म्हणजे आपल्या लोकलच्या मार्गावरचे बोरिवलीच. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाव आणि त्यांच्या सहकाऱ्याने विसाव्या शतकाच्या मध्यावर तिचे वर्णन केले. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, तेव्हा ही वनस्पती सह्याद्रीत उगवत होतीच, फक्त तिला स्वतःचे नाव नव्हते. या प्रजातीच्या इतर जाती तिच्यासारख्याच दिसतात. पावसाच्या सुरुवातीला फोडशी किंवा कुलीची जुडी बाजारात येते ती याच गटातली, आणि ती नेमकी कोणत्या जातीची हे गावागणिक बदलते. व्यापाऱ्याच्या पोत्यात तर सोललेला, वाळलेला, खडूसारखा पांढरा तुकडा असतो आणि त्यावरून जात सांगणे नुसत्या डोळ्यांना अशक्य आहे. फुले हवीत, पण ही फुले इतकी नाजूक असतात की दाबली की त्यांचा आकार जातो, म्हणून ताजी असतानाच टिपण करावे लागते आणि दोन-चार फुले मद्यार्कात ठेवावी लागतात. जंगलातून मुसळी बेसुमार खणली गेली, हे सगळे म्हणतात. कोणती मुसळी किती खणली गेली, हे फेरतपासणीशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.

आता डीएनएकडे येतो, कारण तरुण श्रोते इथे अस्वस्थ होतात. क्रमवाचनाला, म्हणजे डीएनएतील घटकांचा क्रम वाचण्याला, माझा विरोध नाही आणि त्यासाठी मी पाच लाख ठेवतो, फक्त यंत्र विकत घेण्यासाठी एक रुपयाही ठेवत नाही. हे शहाणपण मला महागात पडले आहे. एका प्रकल्पात उपकरणांच्या शीर्षाखाली पैसे मिळत होते आणि मनुष्यबळाच्या शीर्षाखाली मिळत नव्हते, म्हणून मी पीसीआर यंत्र (डीएनएच्या असंख्य प्रती काढणारे) घेतले. ते चालवायला माणूस नव्हता. दोन वर्षे त्याच्यावर प्लास्टिकचे आवरण होते आणि आवरणावर विद्यार्थ्यांच्या जर्नल्स. नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेकडे पाठवले असते तर तेवढ्या पैशांत सगळी प्रजाती वाचून झाली असती. शिवाय संदर्भसंग्रहातला क्रम ज्या नमुन्यावरून काढला त्याचेच नाव चुकलेले असेल, तर यंत्र ती चूक अधिक वेगाने आणि अधिक आत्मविश्वासाने पसरवते.

उरलेले दहा लाख मी लोकजैवविविधता नोंदवह्यांच्या, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची लोकांकडून घेतलेली माहिती लिहिलेल्या वह्यांच्या, मागे लावीन. जैविक विविधता कायदा २००२ सालचा, आणि त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती व तिची नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये मुदत घालून दिली आणि ती न पाळणाऱ्या राज्यांना महिना १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले, तेव्हा देशभर नोंदवह्यांची एकच धांदल उडाली. एका गावची नोंदवही मी पाहिली. तीत "शंखपुष्पी" अशी नोंद होती. शंखपुष्पी म्हणून कोणी कॉन्व्हॉल्व्ह्युलस देतो, कोणी विष्णुक्रांता देतो, तर केरळात गोकर्णालाच शंखपुष्पी मानतात. मी सरपंचांना विचारले तेव्हा त्यांनी ज्यांनी ती नोंद सांगितली त्या आजींकडे पाठवले, पण आजी गेल्याला सहा महिने झाले होते. नोंदीसोबत एक वाळवलेली फांदी ठेवली असती, तर आज मला पाच मिनिटांत सांगता आले असते. दहा लाखांत एका तालुक्यातल्या नोंदवह्यांमागे असे नमुने उभे करता येतील, आणि ते काम गावातलीच मुले चार दिवसांच्या शिक्षणानंतर करू शकतात.

या विषयाकडे तरुण येत नाहीत, ही तक्रार नेहमीची आहे. २०२० च्या जून महिन्यात प्राणिवर्गीकरणातील जगातील सर्वांत मोठ्या नियतकालिकांपैकी एक असलेले 'झूटॅक्सा' हे इम्पॅक्ट फॅक्टरच्या (नियतकालिकातील लेखांचे दाखले इतरत्र किती दिले जातात त्यावरून काढलेल्या आकड्याच्या) यादीतून वगळण्यात आले, कारण त्यात त्याच नियतकालिकातील जुन्या लेखांचे दाखले फार असतात. जगभरातून ओरड झाल्यावर महिनाभराने ते पुन्हा यादीत घेतले गेले. जुन्या वर्णनांचे दाखले दिल्याशिवाय वर्गीकरण होतच नाही, हे यादी काढणाऱ्यांच्या गणितात बसले नव्हते. ज्या मुलीची नोकरी अशा आकड्यावर ठरणार आहे, तिने गवतांकडे का वळावे, हे मी तिला समजावू शकलेलो नाही.

साठ, पंचवीस, पाच आणि दहा असा कोटीचा हिशेब पुरा झाला आणि मोहिमेला काही उरले नाही. फेरतपासणीतल्या प्रवासात नवे काही दिसले तर ते आपोआप येईलच.

बाईंनी निघताना आणखी एक विचारले होते: "कोटीऐवजी दहा लाखच मंजूर झाले तर?" तर दोन वर्षांसाठी एक माणूस नेमीन आणि उरलेल्या पैशांत जाड कागद, दोरा आणि डांबरगोळ्या घेईन. माझ्याकडे न शिवलेले एकशे चाळीस गठ्ठे आहेत. सर्वांत खालचा १९९६ च्या जुलैमधल्या वर्तमानपत्रात बांधलेला आहे आणि त्याच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिले आहे: "क्लोरोफायटम, जात ठरवायची आहे, फुले पांढरी, दुपारी मिटतात."