ओगरला पकडलं!
आज सकाळी तर्रीपोहे आटोपून धरमपेठेत मित्राकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळाचा, डाव मांडला. भाच्याचं पात्र फायटर, म्हणजे लढवय्या, पाचवी लेव्हल. समोर ओगर, एक धिप्पाड राक्षस: हिट पॉइंट (जीव) ५९, स्ट्रेंग्थ (ताकद) १९, सोट्याच्या एका फटक्याला सरासरी १३ डॅमेज. भाचा तलवार उपसेचना. म्हणाला, "मामा, मी त्याले पकडतो."

आम्ही २०१४चे नियम खेळतो. त्यात ग्रॅपल, म्हणजे पकडणं, ही अ‍ॅथलेटिक्सची चुरस: दोघांनी फासा टाकून त्यात आपापला अ‍ॅथलेटिक्सचा आकडा मिळवायचा. पकड बसली की समोरच्याची चाल शून्य, पण हात मोकळेच, तो सोटा हाणणारच. ओगर आपल्यापेक्षा एकच साइज मोठा, म्हणून जमतं. दोन साइज मोठा असता तर जमलंच नसतं. भाच्याचा आकडा +७, ओगरचा फक्त +४. अंगात ताकद भरपूर, पण कुस्ती कोणी शिकवलेली नाही! एवढ्याशा आकड्यात अख्खा राक्षस दिसतो, मला हे फार आवडतं.

पहिल्या हल्ल्यात पकड. दुसऱ्यात ढकलून आडवा करायचा. डी२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, गडगडत चिवड्याच्या ताटलीला अडला, १६! ओगर पडला, आणि चाल शून्य असल्यानं पकड सुटेपर्यंत त्याला उठताच येईना. पोट्टं खुर्चीवर चढून ओरडलं. माझ्या अंगावर काटा आला.

पुढच्या रविवारी आउलबेअर, म्हणजे घुबडाच्या तोंडाचं अस्वल, आणतोय. त्याची स्ट्रेंग्थ २०.