सगळ्या कुटुंबासह स्नॉर्केलिंग: माझा अनुभव

सुट्टीत समुद्रकिनारी गेल्यावर सर्वांनी मिळून बोटीने स्नॉर्केलिंगला, म्हणजे डोळे-नाक झाकणारा काचेचा मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथे तरंगत खालचे मासे पाहायला, जावे असे ठरले, तेव्हा घरातील प्रत्येकाचे पाण्याशी नाते वेगळे होते. यजमान पट्टीचे पोहणारे, मुलीचे पोहणे तरणतलावापुरते, धाकटा मुलगा पाण्याला बुजणारा. सासूबाईंना तर पोहता येत नाहीच, शिवाय बोटही लागते. त्यामुळे बोट निवडताना मासे किती दिसतील यापेक्षा वेगळ्याच गोष्टींची चौकशी मी आधी केली: एका मार्गदर्शकामागे किती माणसे असतात, पाण्यात उतरायला शिडी आहे का, बोटीवरच थांबणाऱ्यांना सावली मिळेल का आणि मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का. एके ठिकाणी ‘मोठेच जॅकेट घट्ट बांधून देऊ’ असे उत्तर मिळाल्यावर आम्ही पुढे काही विचारले नाही, कारण सैल जॅकेट पाण्यात वर सरकते आणि मुलाचे तोंड नेमके त्यातच बुडते.

फेरी सकाळची घेतली. ऊन चढले की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहू लागतो आणि दुपारपर्यंत लाटा वाढतात. सासूबाईंनी डॉक्टरांना विचारून बोट लागण्यावरची गोळी निघण्याच्या तासभर आधीच घेतली होती. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. त्यांना आम्ही बोटीच्या मध्यावर, जिथे हेलकावे कमी बसतात आणि क्षितिज दिसते, अशा जागी बसवले. पाण्यावर पालथे तरंगताना पाठ आणि पोटऱ्या भाजून निघतात, म्हणून मुलांना लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे घातले. सनस्क्रीन त्यामुळे कमी लागले, हेही बरेच झाले, कारण त्यातील ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्ये प्रवाळांना घातक असल्याच्या कारणावरून हवाई राज्याने २०२१ पासून अशा सनस्क्रीनच्या खुल्या विक्रीवर बंदी घातली आहे.

खरा वेळ लागला तो मास्कला, आणि तो लागू द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलकेच श्वास आत घ्यायचा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर तो आपल्या मापाचा. मुलीच्या कपाळावरची एक बट कडेखाली अडकली होती, तेवढ्यानेही पाणी झिरपत होते. यजमानांच्या मिशीचा प्रश्न मात्र सुटला नाही. मिशी उतरवण्याचा प्रस्ताव फेटाळला गेल्यामुळे मास्कची वरची कड कपाळाशी दाबून नाकाने जोरात हवा सोडायची आणि साचलेले पाणी खालून बाहेर घालवायचे, हा उद्योग त्यांना पूर्ण वेळ करावा लागला. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून ती विसळायची असते, हे कळल्यावर धाकट्याची भीती निम्मी कमी झाली.

उरलेली निम्मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर बाहेर आली. नाक बंद, श्वास फक्त तोंडाने आणि कानांत स्वतःच्याच श्वासाचा आवाज, या तिन्ही गोष्टी त्याला एकदम नव्या होत्या. तो भराभर, वरवर श्वास घेऊ लागला आणि ‘आई, हवा येत नाही’ म्हणून मास्क ओढू लागला. मार्गदर्शकाने नळी तपासण्याऐवजी त्याला श्वास सोडायला सांगितले: गरम दुधावर घालतो तशी, पण त्याहून लांब फुंकर. यामागचे कारण साधे आहे. प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी थोडी वापरलेली हवा नळीत उरते. श्वास उथळ असेल तर तीच पुन्हा छातीत जाते आणि जीव घाबरा होतो. पायरी न सोडता, फक्त चेहरा पाण्यात घालून तो फुंकरा मारत राहिला. यजमानांची चुळबुळ मला दिसत होती, परंतु कुटुंबाने पाण्यात उतरायचे तर चाल सर्वांत बुजणाऱ्याची ठेवावी लागते. काही वेळाने मुलाने पायरीवरचा एक पाय आपणहून उचलला.

मुलीची अडचण उलट होती. एका माशाच्या मागे तिने बुडी मारली, नळीत पाणी शिरले आणि तिला जोराचा ठसका लागला. वर येताच एका दमात जोरात फुंकून नळी मोकळी करायची, हे तिला त्यानंतर पुन्हा सांगावे लागले नाही. मासा हाताशी आला असे वाटूनही तो दूरच राही. पाणी आणि मास्कमधील हवा यांच्या सीमेवर प्रकाश वाकतो, त्यामुळे वस्तू सुमारे एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या दिसतात. प्रवाळांवर उभे राहायचे नाही, त्यांना पायांत घातलेले वल्ह्यासारखे फिनही लागू द्यायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. ते दिसायला दगड असले तरी सजीवांच्या वसाहती असतात आणि त्यांतील काही वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात.

सासूबाई बोटीवरच राहिल्या आणि त्यांनी डोकी मोजण्याचे काम अंगावर घेतले. कुणी सांगितले नव्हते, पण ते काम मोलाचे होते, कारण स्नॉर्केल लावून पालथा तरंगणारा माणूस मजेत आहे की अडचणीत, हे लांबून ओळखणे अवघड असते. धाकट्याचे ओठ काळसर पडल्याचे त्यांनीच प्रथम पाहिले. पाणी अंगातील उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते आणि लहान शरीर लवकर गार पडते. त्याला वर घेऊन पंच्यात गुंडाळले, तेव्हा ‘आत्ताच तर उतरलो होतो’ म्हणून तो रडला.

दुसऱ्या थांब्यावर पाण्याला ओढ होती. मार्गदर्शकाने बोटीमागे तरंगती दोरी सोडली आणि आधी ओढीच्या विरुद्ध दिशेने जायचे, म्हणजे दमल्यावर परतीची वाट सोपी राहते, असे सांगितले. मुलगी वडिलांबरोबर त्याप्रमाणे गेली. अंग पुरते कोरडे आणि गरम झाल्यावर मुलगाही उतरला, पण दोरी न सोडता. बोटीच्या सावलीत फिरणारे चट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे त्याला तिथूनच दिसत होते आणि नळी तोंडात ठेवूनच तो त्यांचे वर्णन करत होता, ज्यातले एक अक्षरही आम्हाला कळले नाही.