मशीनला लावलेला पेन ड्राइव्ह

संगणक आणि मोबाइलमधील पुरावा तपासून न्यायालयापुढे अहवाल देणे हा माझा व्यवसाय आहे. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने नेमलेल्या कोर्ट कमिशनर वकीलबाईंसोबत तांत्रिक साहाय्यक म्हणून मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान वर्कशॉपमध्ये गेलो होतो. वर्कशॉपचा मालक दोन महिन्यांपूर्वीपर्यंत वादी कंपनीच्या टूलरूममध्ये डिझाइन इंजिनिअर होता. प्रेस टूलची, म्हणजे पत्रा कापण्या-दाबण्याच्या साच्यांची, ड्रॉइंग आणि ग्राहकांच्या दरांचे तक्ते त्याने जाताना सोबत नेले, असा कंपनीचा आरोप होता.

नोकरी सोडून त्याच धंद्यात उतरायला कायद्याची आडकाठी नाही. करार कायद्याच्या कलम २७ मुळे तशी बंदी घालणारी अट नोकरी संपल्यावर टिकत नाही. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे गोपनीयतेचा करार आणि ड्रॉइंगवरील कॉपीराइट यांच्या आधारे कंपनीला एवढेच दाखवायचे होते, की हा माणूस डोक्यातले कसब घेऊन नव्हे, तर फायली घेऊन गेला. पुरावा नष्ट होण्याची भीती असेल तर न्यायालय दुसऱ्या बाजूला न कळवता एकतर्फी आदेश देते, आणि तसा तो मिळालाही होता. परंतु त्याच्या सहा दिवस आधी कंपनीच्या वकिलांनी सवयीने एक कडक नोटीस धाडून ठेवली होती. आम्ही येणार, हे कळवूनच आम्ही गेलो होतो म्हणायचे.

परिणाम दिसायला पाच मिनिटे पुरली. त्याच्या लॅपटॉपवरील विंडोजच्या स्थापनेची तारीख अवघी तीन दिवसांपूर्वीची, रविवारी रात्रीची होती. डिस्क एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणारी होती. जुन्या चकतीच्या डिस्कवर फॉरमॅटनंतरही बरेच काही हाती लागते. एसएसडी मात्र मोकळी झालेली जागा ट्रिम या आज्ञेनंतर स्वतःच पुसून टाकते. डिस्कवर काही लिहिले जाऊ नये म्हणून राईट ब्लॉकर लावून तिची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत घेतली, प्रतीत बदल झाला तर ओळखू येईल असा तिचा हॅश, म्हणजे अंकी ठसा, पंचांसमक्ष लिहून घेतला, पण आत एकही जुनी फाइल नव्हती. “व्हायरस आला होता, म्हणून फॉरमॅट केला,” एवढेच तो म्हणाला. वकीलबाईंनी ते शब्दशः पंचनाम्यात उतरवले.

कोरी डिस्क मात्र पूर्ण कोरी नसते. नवीन विंडोजनेही, पहिल्यांदा कोणते उपकरण कधी जोडले गेले, याची नोंद ठेवायला सुरुवात केली होती. स्थापनेनंतर तासाभरातच, मध्यरात्री एकच्या सुमारास, एक पेन ड्राइव्ह जोडला गेला होता. त्याचा अनुक्रमांक माझ्या वहीत आधीपासून लिहिलेला होता, कारण कंपनीने परत घेतलेल्या त्याच्या जुन्या लॅपटॉपवर तोच क्रमांक राजीनाम्याच्या आदल्या संध्याकाळी नोंदला गेला होता. पेन ड्राइव्ह हरवला, असे त्याने सांगितले. आम्ही कपाटे, खण, स्कूटरची डिकी पाहिली. शेवटी वकीलबाई सहज व्हीएमसी मशीनपाशी, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या धातू कापण्याच्या यंत्रापाशी थांबल्या, तर कंट्रोलरच्या बाजूला तो लावलेलाच होता. मशीनचे प्रोग्राम त्याच्यावरूनच जात असत. तो काढून ठेवला असता तर काम बंद पडले असते.

ऑपरेटर विशीतला मुलगा होता. “साहेब, हा नेला तर उद्याचा जॉब कसा लावू?” त्याने विचारले. चालू कामाचा प्रोग्राम मशीनच्या मेमरीत उतरवून घ्यायला वकीलबाईंनी परवानगी दिली आणि तसे लिहून ठेवले. आदेशात तशी तरतूद नव्हती, पण मला तो निर्णय योग्य वाटला.

साध्या पेन ड्राइव्हवरून फाइल काढली म्हणजे तिची नोंद फक्त ‘वगळलेली’ म्हणून खुणावली जाते. नवे काही वर लिहिले जाईपर्यंत मजकूर जागेवरच असतो. ४१ ड्रॉइंग परत मिळाली, त्यांतील कित्येकांच्या कोपऱ्यात वादी कंपनीचा शीर्षकचौकोन, म्हणजे ड्रॉइंगच्या तपशिलाची चौकट, तसाच होता.

कंपनीच्या वकिलांना यापुढचे काही नको होते. मला मात्र अहवालात परिच्छेद ४ लिहावा लागला. हा इंजिनिअर गेल्यानंतर कंपनीच्या आयटी विभागाने त्याच्या जुन्या लॅपटॉपवरील त्याचे प्रोफाइल काढून टाकून तो लॅपटॉप एका नव्या मुलीला दिला होता आणि तिने तो १९ दिवस वापरला होता. पेन ड्राइव्ह जोडल्याची नोंद यंत्रणेच्या स्तरावरची म्हणून वाचली. कोणत्या फायली उघडल्या आणि केव्हा, याच्या खुणा प्रोफाइलबरोबर गेल्या. पुरावा अडवून ठेवणाऱ्याविरुद्ध न्यायालयाला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ खाली प्रतिकूल अनुमान, म्हणजे तो पुरावा त्याच्या विरोधातच गेला असता असा निष्कर्ष, काढता येते, आणि रविवारच्या फॉरमॅटबाबत कंपनीची सारी भिस्त त्याच कलमावर होती. तेच बोट उलट आपल्याकडे वळेल, ही वकिलांची धास्ती मला समजत होती. “परिशिष्टात टाका ना, मुख्य अहवालात कशाला?” असे त्यांनी दोनदा सुचवले. त्याच अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राच्या भाग ‘ब’ वर तज्ज्ञ म्हणून सही माझी असते, त्यामुळे परिच्छेद जागेवरून हलला नाही.

मनाई हुकूम कायम झाला आहे, दावा अजून चालू आहे. माझे उरलेले बिल कंपनीने चार महिन्यांनी दिले.