केमिस्ट्रीला गणित लागतं का? बीएस्सीच्या ॲडमिशनचा माझा अनुभव

आधी उत्तर देऊन टाकते, कारण हे एवढंसं उत्तर मिळवायला माझे सतरा दिवस आणि ऑफिसच्या नऊ चकरा गेल्यात. बीएस्सीला केमिस्ट्री घ्यायची तर बारावीला गणित असायलाच पाहिजे असं नाही. बारावी सायन्स पाहिजे, त्यात केमिस्ट्री पाहिजे, बास. गणित लागतं ते बीएस्सीला गणित घ्यायला. वाचून वाटेल यात काय एवढं, पण खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला हा फरक सांगून बघा.

मी पीसीबीवाली, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. अकरावीला गणित सोडून भूगोल घेतला, कारण मेडिकलची नीट परीक्षा द्यायची होती आणि क्लासच्या सरांचं म्हणणं होतं गणितात वेळ घालवू नका. २०२४ ची नीट सगळ्यांना आठवत असेलच. निकाल १४ जूनला होता तो ४ जूनलाच लावला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, आणि ६७ जणांना ७२० पैकी ७२०. मला ५०३ पडले, बाबांनी पेढे आणले, दोन दिवसांत कळलं की यंदा ५०३ ला कोणी विचारत नाही. मग पेपरफुटी, ग्रेस मार्क, कोर्ट. बाबा म्हणाले थांब, परत परीक्षा होईल. २३ जुलैला सुप्रीम कोर्टाने फेरपरीक्षा नाही म्हणून सांगितलं, आणि तोवर आमच्या तालुक्याच्या कॉलेजच्या सगळ्या मेरिट लिस्ट लागून वर्गसुद्धा सुरू झाले होते. म्हणजे मी पोचले ती उरलेल्या जागांवर.

खरं सांगायचं तर मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. बारावीच्या लॅबमध्ये नायट्रेटची ती तपकिरी रिंग पहिल्यांदा नीट आली तेव्हाच मनात केमिस्ट्री बसली होती, घरी बोलले नव्हते एवढंच. बोलले तेव्हा आजी म्हणाली, म्हणजे मेडिकल टाकणार का? नाही आजी, मेडिकल टाकायला फार्मसी लागते, डी.फार्म. नाहीतर बी.फार्म. आणि फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, बीएस्सी केमिस्ट्रीवर औषधं विकता येत नाहीत. काका म्हणाले युडीसीटीला जा. आता त्याला आयसीटी म्हणतात, माटुंग्याला, १९३३ पासूनचं, पण तिथलं बी.टेक. म्हणजे केमिकल इंजिनिअरिंग आणि टेक्नॉलॉजी, ते सीईटी किंवा जेईईतून आणि त्याला गणित लागतंच. केमिकल आणि केमिस्ट्री हे दोन वेगळे रस्ते आहेत हे आमच्या घरात अजून दर दिवाळीला समजवावं लागतं.

पुण्याचं आयसर (विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन चालतं ती केंद्राची संस्था) मला ऑगस्टमध्ये कळलं. ऑगस्ट! त्याची परीक्षा, आयएटी, जूनमध्येच होऊन गेली होती. बारावीत असाल तर हे आताच लिहून ठेवा: पाच वर्षांची बीएस-एमएस, ६० प्रश्न, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स बायोलॉजी प्रत्येकी १५, बरोबरला ४ चुकलं तर १ वजा, एकूण २४०. पीसीबीवाल्यांना बसता येतं पण गणिताचे १५ प्रश्न म्हणजे ६० मार्क आधीच गेल्यात जमा. दुसरी परीक्षा नेस्ट, तिच्यावर अशाच दोन संस्था मिळतात, भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कालिन्याला विद्यापीठाच्या आवारातलं सीईबीएस. दोन्ही फॉर्म बारावीच्या निकालाची वाट बघत नाहीत. आमच्या ज्युनिअर कॉलेजात दोन वर्षांत नीट आणि सीईटी सोडून तिसऱ्या परीक्षेचं नाव कोणी काढलं नाही, त्याचा राग वेगळा आहे, तो नंतर कधीतरी.

आता ऑफिस.

नव्या शैक्षणिक धोरणात (सरकारचा जीआर २० एप्रिल २०२३ चा, साध्या संलग्न कॉलेजांना लागू झालं ते २०२४-२५ पासून, म्हणजे आमचीच पहिली बॅच) आमच्याकडे पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर (मुख्य), एक मायनर (दुय्यम), तिसरा सुटतो. कॉलेजने फॉर्मवर तीन ग्रुप छापले होते. अ म्हणजे केमिस्ट्री-फिजिक्स-मॅथ्स, ब म्हणजे केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजी, क म्हणजे फिजिक्स-मॅथ्स-इलेक्ट्रॉनिक्स. ब फुल्ल, वेटिंगला माझ्यापुढे अकरा जण. अ मध्ये जागा होत्या. मी विचारलं, मला केमिस्ट्री आणि फिजिक्स द्या आणि मॅथ्सच्या जागी बॉटनी द्या. क्लार्क सरांनी मार्कशीट वरखाली बघितली आणि म्हणाले, "ताई, गणित नाही तुम्हाला. केमिस्ट्री नाही मिळणार."

मी गप घरी आले. हीच माझी पहिली चूक. आठवडाभर मी सगळ्यांना सांगत फिरले की गणित नाही म्हणून केमिस्ट्री मिळत नाही, आणि सगळे म्हणाले हो, असंच असतं. मग मैत्रिणीच्या ताईने विचारलं की अगं ब ग्रुपच्या पोरांना कुठे असतं गणित, त्यांना कशी मिळते केमिस्ट्री? माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. दुसऱ्या दिवशी खिडकीत जाऊन हेच विचारलं तर सर म्हणाले, ते ब ग्रुपचं झालं, तुम्ही मागताय तसं कॉम्बिनेशन सॉफ्टवेअर घेत नाही. म्हणजे आठवड्यापूर्वी कारण गणित होतं, आता सॉफ्टवेअर. तिसऱ्यांदा गेले तेव्हा कारण विद्यापीठ होतं. चौथ्यांदा सर जेवायला गेले होते. पाचव्यांदा म्हणाले अर्ज द्या, दिला, मग आवक-जावकला टाका म्हणाले, आवक-जावकच्या मॅडम रजेवर. सहाव्या वेळी बाबा सोबत आले आणि बाबांशी ते इतकं गोड बोलले की बाहेर येऊन बाबा मलाच म्हणाले, चांगला माणूस आहे, तू नीट विचारलं नसशील. त्या दिवशी मी एसटी स्टँडवर रडले, खोटं कशाला बोलू.

सुटलं कुठे तर लॅबच्या दारात. सातव्या चकरेला एचओडी मॅडमना भेटायला वर गेले, त्या लेक्चरवर होत्या, म्हणून लॅबच्या मामांशी बोलत बसले. मामा ब्युरेटा पुसत होते. माझी सगळी रामकहाणी ऐकून म्हणाले, "अगं पोरी, वर्गात बाकडं कधीपण वाढवता येतं. प्रॅक्टिकलच्या बॅचला जागा पाहिजे. तू मागतेस त्यात फिजिक्सचं प्रॅक्टिकल आणि बॉटनीचं एकाच दुपारी येतंय, म्हणून देत नाहीत." एवढंच! ना गणित, ना विद्यापीठ. टाइमटेबल. आणि खिडकीतल्या सरांना हे माहीतच नव्हतं, त्यांना फक्त यादीत तीन ग्रुप दिसत होते आणि चौथा मागणारी मी दिसत होते.

मॅडम आल्या. त्यांनी टाइमटेबलचा मोठा कागद टेबलावर पसरला आणि पाच मिनिटांत सांगितलं की फिजिक्सची मंगळवारची बॅच रिकामी आहे, अ ग्रुपमधून बरीच मुलं इंजिनिअरिंगला गेलीत. पण एकटीसाठी प्राचार्य ऐकणार नाहीत, तुझ्यासारख्या अजून कोणी आहेत का बघ. होत्या. वेटिंग लिस्टवर फोन करत गेले, तिघी सापडल्या, पैकी एकीला तर "गणित नाही" हेच उत्तर मिळालं होतं आणि ती बीएला ॲडमिशन घेऊन मोकळी झाली होती. चौघींच्या सह्यांचा एकच अर्ज, त्यावर मॅडमचा शेरा "टाइमटेबलमध्ये बसते", त्यावर प्राचार्यांची सही. आठवी चकर. मग सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला फोन करून ते कॉम्बिनेशन टाकून घ्यायला दोन दिवस, नववी चकर, फी भरली. पावती घेताना क्लार्क सर म्हणाले, "बघा, झालं ना शेवटी." मी काही बोलले नाही. आईने बजावलं होतं, तीन वर्षं त्याच खिडकीत जायचंय.

तर बाबांनो, "मिळत नाही" ऐकलं की लगेच विचारा की अट विद्यापीठाची आहे, जागा भरल्यात की टाइमटेबल अडतंय. तिन्हीचे उपाय वेगळे. आणि अर्जाची पोच घ्या, तारीख घालून. माझा पहिला अर्ज अजून कुठे आहे देवाला ठाऊक.

मधलंच एक आठवलं, एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) ओरिजिनल जमा करण्याआधी चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा, मी काढल्या नव्हत्या आणि स्कॉलरशिपच्या वेळी परत तेच ऑफिस. फॉर्म भरताना तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित तेही बघा, विषय तेच, फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. आणि एबीसी आयडी (आपले क्रेडिट, म्हणजे शिकलेल्या तासांचा हिशोब, जमा होतो त्या खात्याचा नंबर) काढताना आधारवरचं नाव मार्कशीटशी जुळतंय का बघा, बोर्ड आडनाव आधी लिहितं, आधारवर शेवटी असतं, माझं सुदैवाने पहिल्या फटक्यात झालं.

पहिलं वर्ष झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. टायट्रेशन, जर्नल, परत टायट्रेशन. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट असतात, त्यात केमिस्ट्री कमी आणि बाकीचंच जास्त वाटतं, ओपन इलेक्टिव्ह, व्हॅल्यू एज्युकेशन, भारतीय ज्ञान प्रणाली. दुसऱ्या वर्षी मेजर केमिस्ट्री टाकली. मायनरला मात्र घोळ घालू नका. सोपं म्हणून बॉटनी घ्यायच्या बेतात होते, मॅडमनी फिजिक्स घ्यायला लावलं, आणि फिजिकल केमिस्ट्रीत क्वांटम सुरू झाल्यावर का ते कळलं.

पुढचं गणित असं आहे की तीन वर्षांनी १२० ते १३२ क्रेडिटवर साधी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं, मग एमएस्सी दोन वर्षं. चौथं वर्ष केलं की ऑनर्स, १६० ते १७६ क्रेडिट, मग एमएस्सी एका वर्षाची. ऑनर्स विथ रिसर्च पाहिजे तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, आणि तुमच्या कॉलेजात ते चौथं वर्ष मुळात आहे का हे आधी विचारा, कागदावर असणं वेगळं. एमआयडीसीत क्यूसीला (मालाचा दर्जा तपासायच्या कामाला) जायचंय त्यांना तीन वर्षं पुरतात असं आमचे सीनियर सांगतात, कुरकुंभला आहेत दोघं, पण बढतीच्या वेळी एमएस्सीवाला पुढे जातो म्हणतात.

आणि हो, जे गणित नाही म्हणून मी एवढी भांडले ते शेवटी आलंच समोर. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जायचा विचार आहे. जॅमच्या केमिस्ट्रीच्या सिलॅबसमध्ये फिजिकलच्या सुरुवातीलाच गणित आहे, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, मॅट्रिक्स. ते तर मी मायनरच्या नादात शिकत आले. पण काही आयआयटी केमिस्ट्रीच्या एमएस्सीलाही बारावीला किंवा पदवीला गणित असल्याची अट घालतात, हे मला सेकंड इयरला कळलं. प्रत्येक संस्थेची अट वेगळी, जॅमच्या माहितीपत्रकात बघावी लागते. म्हणजे क्लार्क सर अगदीच चुकीचे नव्हते, काही वर्षं लवकर बोलले एवढंच. बोर्डात बारावी पास झालेल्यांना एखादाच विषय देता येतो, तुरळक विषय म्हणतात त्याला, गणिताला ८० लेखी आणि २० प्रॅक्टिकल. मी गणिताचा फॉर्म भरायचं ठरवलंय. जुन्या ज्युनिअर कॉलेजात चौकशीला गेले होते, खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या असं काही नसतं. उद्या परत जाणारे, बोर्डाच्या सूचनेची प्रिंट घेऊन.