सिसची रेनो, नोंद पाचवी: मागची चाकं

मागचं उजवं चाक काल रात्री पुरं झालं. अॅक्सलवर चढवून फिरवलं, काठाशी सुई धरली, आणि आउट, म्हणजे फिरताना काठ जेवढा डगमगतो ते अंतर, अर्ध्या मिलिमीटरच्या आत निघाला. मागच्या बाजूसाठी केलेलं हे तिसरं चाक. आधीची दोन मोडून टाकावी लागली, ती हकिगत पुढे येतेच.

मागच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं. मी 1:8 मापात रेनो या फ्रेंच कंपनीची 1906 सालच्या ग्रां प्री शर्यतीची गाडी बनवतोय, एके 90 सीव्ही. फेरेंत्स सिस या ड्रायव्हरनं ती शर्यत जिंकली ती हिच्यावर. किट नाही, आराखडाही विकत मिळालेला नाही. जुने फोटो आणि प्रसिद्ध झालेली मापं यांवरून काढलेली माझीच ड्रॉइंग्ज आहेत. चासी पितळी पट्टीची, ती उन्हाळ्यातच झाली. बॉनेट तांब्याच्या पत्र्याचं, पुण्यात तांबट आळीतून पत्रा आणून लाकडी साच्यावर ठोकलेलं. इंजिन निम्मं झालंय.

इंजिनाबद्दल एक आकडा सांगितल्याशिवाय राहवत नाही. चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 166 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 150, एकूण 12,986 सीसी. म्हणजे एकेक सिलिंडर सव्वातीन लिटरचा. आपल्या मारुती 800 चं अख्खं इंजिन 796 सीसीचं; तशी चार इंजिनं या एका सिलिंडरमध्ये मावतात. आणि एवढ्या धुडातून ताकद निघायची शंभर हॉर्सपॉवरच्या आसपास. मिनिटाला हजार-बाराशे फेरे, त्याच्या फार पुढे नाही. त्या काळी जास्त ताकद हवी तर इंजिन मोठं करायचं, एवढाच मार्ग बहुतेकांना ठाऊक होता. 1912 साली दिएपच्या शर्यतीत 7.6 लिटरच्या पूजोनं 14.1 लिटरच्या फियाटला हरवलं, तेव्हा कुठे हा समज मोडला. ती पूजोही माझ्या मनात आहे, पण आधी ही गाडी.

या गाडीला आडपडदा नाही, म्हणून ती मला आवडते. दोन खुर्च्या, मागे टाकी, पुढे इंजिन, उरलेलं सगळं उघडं. ब्रेकचा दांडा कुठून कुठे जातो ते डोळ्यांनी दिसतं. रेडिएटर इंजिनाच्या मागे, ड्रायव्हरच्या पायांपुढे उभा, म्हणून बॉनेट पुढे उतरतं आणि गाडीचं नाक खाली झुकल्यासारखं दिसतं. पाणी फिरवायला पंप नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये निवून जड होतं आणि आपोआप खाली इंजिनात उतरतं. इंजिनाहून उंच रेडिएटर का, याचं उत्तर एवढंच. प्रत्येक आकारामागे असं कारण सापडत गेलं की मापं पाठ करावी लागत नाहीत.

आता चाकं. माझ्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये मी चारही चाकं सारखी काढली होती. फोटो मोठे करून पाहिले तेव्हा चूक कळली: मागच्या चाकांच्या रिमला बोल्ट आहेत, पुढच्यांना नाहीत. मिशेलिननं त्या वर्षी काढता-घालता येणारी रिम आणली होती. टायर आधीच बसवलेली रिम सोबत ठेवायची, पंक्चर झालं की बोल्ट सोडायचे, जुनी रिम काढून नवी चढवायची. रेनोनं ती फक्त मागच्या चाकांना लावली. फियाटनं चारही चाकांना लावली. पानार आणि इताला या कंपन्यांना ती लावताच आली नाही, कारण गाडीचं वजन 1000 किलोच्या आत ठेवायचा नियम होता आणि अशी रिम साध्या चाकाहून सुमारे 9 किलोनं जड होती. मागची चाकं गाडी ढकलतात, टायर तीच खातात. तेव्हा वजनाची चैन तिथेच करायची, हा रेनोचा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो. चार रिमांचे 36 किलो आणि दोन रिमांचे 18.

हा हिशेब किती मोलाचा होता ते शर्यत पाहिल्याशिवाय कळत नाही. 26 आणि 27 जून 1906. ल माँ शहराच्या पूर्वेला सार्वजनिक रस्त्यांचा एक त्रिकोण, एका फेरीला 103 किलोमीटरांहून किंचित जास्त. रोज सहा फेऱ्या, दोन दिवसांत बारा, मिळून 1238 किलोमीटर. 32 गाड्या निघाल्या, दीड-दीड मिनिटाच्या अंतरानं, पहाटे सहापासून. धूळ बसावी म्हणून रस्त्याला डांबर फासलेलं. पण त्या दोन दिवसांत ऊन असं पेटलं की डांबर वितळलं आणि पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेले डांबराचे शिंतोडे अन् खडी मागच्यांच्या तोंडावर. रेनोचाच दुसरा ड्रायव्हर एदमों, त्याचा गॉगल फुटला, डोळ्यांत डांबर गेलं, आणि त्याला शर्यत सोडावी लागली.

अशा रस्त्यावर टायर टिकणार किती? आणि नियम असा की वाटेत दुरुस्ती करायची ती फक्त ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी बसलेला मेकॅनिक, या दोघांनीच. जुन्या पद्धतीत फाटका टायर सुरीनं कापून काढायचा आणि नवा रिमवर दाबून बसवायचा. याला पंधरा मिनिटं लागत. नव्या रिमला दोन मिनिटांहून कमी. दर पंक्चरला तेरा मिनिटांचा फरक, आणि पंक्चर एकदाच होत नाही.

तिसऱ्या फेरीत फेरेंत्स सिस पुढे गेला तो शेवटपर्यंत पुढेच राहिला. त्याची वेळ 12 तास 14 मिनिटं. दुसरा आलेला फियाटचा फेलिचे नाझारो 32 मिनिटांनी मागे. पहिल्या दोन्ही गाड्या काढत्या रिमच्या. म्हणून ‘रिमनं शर्यत जिंकली’ असं जे म्हणतात ते अर्धं खरं आहे, असं माझं मत. रिमनं त्या दोघांना बाकीच्यांपासून वेगळं काढलं. पण नाझारोकडे तर चार रिमा होत्या. त्याच्यावरची आघाडी सिसची स्वतःची. दुसऱ्या दिवशी गाडीचं मागचं सस्पेन्शन मोडलं, तेव्हा हातात भरपूर वेळ आहे हे ओळखून तो जपून चालवत राहिला. कुठे घाई करायची नाही हे कळणारा माणूस होता तो.

सिस मूळचा हंगेरीचा, 1873 चा जन्म, शिकला होता कुलपं बनवायला. 1900 साली रेनोत आला आणि कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, लुई रेनो, याच्या शेजारी मेकॅनिक म्हणून बसू लागला. त्या काळच्या मेकॅनिकचं काम आपल्याकडच्या ट्रकवरच्या क्लीनरसारखं, फक्त जीव कायम टांगणीला. मागून कोण येतंय ते पाहायचं, तेलाचा पंप हातानं मारायचा, टायर बदलायचा, आणि धरायला नीट काही नसताना वळणावर बाहेर झुकायचं. 1903 च्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत तो लुईच्या गाडीत होता. त्याच शर्यतीत लुईचा भाऊ मार्सेल अपघातात गेला. इतके अपघात झाले की शर्यत बोर्दोलाच थांबवली. लुईनं शर्यतीत गाडी चालवणं सोडलं, आणि पुढे ती जागा सिसकडे आली. मॉडेलमध्ये डावीकडची खुर्ची करताना मला हे सतत आठवत होतं. या शर्यतीच्या तीन वर्षं आधी सिस त्याच बाजूला बसायचा.

(स्टिअरिंग उजवीकडे आहे. फ्रेंच गाडी असूनही. त्या काळच्या बहुतेक रेसिंग गाड्यांचं तसंच असे. माझी चूक नाही.)

आता मोडलेल्या चाकांची गोष्ट. मागच्या टायरसाठी मी 880×120 हे त्या काळी रेसिंगला सर्रास चालणारं माप धरलं, म्हणजे माझ्या मापात व्यास 110 मिलिमीटर, रुंदी 15. आरे बारा. पहिलं चाक मी लहानपणी पाहिलेल्या बैलगाडीच्या चाकासारखं केलं: मधे लाकडी तुंबा, त्यात भोकं, भोकात आरे ठोकलेले. दिसायला बरं होतं. पण फोटोतल्या चाकाचा मधला भाग चपटा, माझा फुगीर. तुंबा बारीक केला तर भोकांमधलं लाकूडच उरेना. दोन भोकांमध्ये चीर गेली आणि चाक संपलं.

ते तुकडे घेऊन गावी गेलो. आमच्याकडे एक जुने सुतार आहेत, गाव त्यांना आप्पा म्हणतं. आयुष्यभर बाभळीची चाकं केली, लोखंडी धावा चढवल्या. मी त्यांना फोटो दाखवला. बराच वेळ पाहून ते म्हणाले, “आरं, ह्या चाकाला तुंबाच न्हाई. मग आऱ्याचा जोर जातो कुठं?”

मी म्हटलं, “आप्पा, तेच तर कळत नाही.”

“एकमेकावं जात आसंल,” ते म्हणाले आणि बोटांची टोकं जुळवून दाखवली.

अगदी तसंच होतं. या चाकांना आर्टिलरी व्हील म्हणतात, तोफांच्या गाड्यांवरून आलेलं नाव. यात आऱ्याचं आतलं टोक पाचरीसारखं कापतात. बारा पाचरी शेजारी शेजारी बसल्या की मधे पूर्ण वर्तुळ भरतं, आणि पुढून-मागून दोन धातूच्या चकत्या लावून बोल्टनं आवळलं की चाक तयार. प्रत्येक आरा शेजाऱ्यावर टेकतो, दगडी कमानीतल्या दगडांसारखा. एखादा आरा मोडला तर चकती सोडून तेवढाच बदलता येतो. लाकडी चाकाचं हे सर्वांत शहाणं रूप मी आजवर पाहिलंय.

दुसरं चाक असं केलं, आणि ते वेगळ्याच कारणानं गेलं. बारा पाचरी म्हणजे प्रत्येकी 30 अंश. माझी पाचर अर्ध्या अंशानं कमी पडत होती, एकेकटी पाहिली तर नजरेला अजिबात कळत नव्हतं. बारा जुळवल्यावर सहा अंशांची फट समोर आली. ती मी भुसा आणि गोंद घालून भरली. हे करायला नको होतं. जुलैमध्ये जोडलं तेव्हा हवेतल्या दमटपणानं लाकूड फुगलेलं होतं, चाक घट्ट वाटलं. ऑक्टोबरच्या उन्हात सुकलं आणि तीन आरे हातात आले.

तिसऱ्या वेळी आधी पितळेचा जिग केला, म्हणजे सगळे आरे एकसारखे घासायचा साचा. 30 अंशांची खाच, दोन्ही बाजूंना कडक पोलादी पट्टी, आरा खाचेत दाबायचा आणि कानस पट्टीला टेकेपर्यंत घासायचं. लाकूड बदललं: बाभळीचे रेषे या मापाला फार जाड दिसतात, म्हणून हेदूचं घेतलं, पिवळसर आणि बारीक रेषांचं. फण्या करायला वापरतात ते. कापलेले आरे महिनाभर बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवले आणि मगच जोडले. मधे गोंदाचा थेंबही नाही, फक्त चकत्या आणि बोल्ट. खऱ्या चाकासारखंच. ज्यांना असं चाक करायचंय त्यांना एवढंच सांगेन की जिगवर गेलेले चार दिवस वाया गेलेले नाहीत.

रिमचं काम त्यामानानं लवकर उरकलं. पितळी पट्टीच्या दोन कड्या, एकीत दुसरी सरकेल एवढी फट, जोडावर चांदीचा डाख. आतली कडी लाकडी परिघावर तापवून चढवली, निवल्यावर आवळून बसली. आप्पांच्या धावेची हीच रीत. बाहेरची रिम मात्र खरोखर निघते. घड्याळजीकडून आणलेल्या बारीक स्क्रूंवर नट चढवून बोल्ट केलेत, आणि लागतील त्याहून पाच जास्त केलेत.

टायरच्या रंगावर मागच्या वेळी बरीच चर्चा झाली. माझं मत पक्कं आहे: काळा नको. रबरात काजळी घालायची पद्धत 1906 साली अजून सर्रास रुळलेली नव्हती. टायर फिकट, राखाडी-पांढऱ्या रंगाचे असत. मिशेलिनचा टायरांचा माणूस पांढरा का, तेही यामुळेच. मी सिलिकॉनच्या साच्यात फिकट राखाडी रबर ओतून पाहिलं, पहिला नमुना बुडबुड्यांनी भरला, दुसरा चांगला आला. त्यावर डांबराचे ठिपके मात्र मी मुद्दाम घालणार आहे, आणि ते बॉनेटवर आणि खुर्च्यांच्या पुढच्या बाजूलाही. शर्यतीच्या सकाळची चकचकीत गाडी मला करायची नाही. मला ती दुसऱ्या दिवसाच्या पहाटेची हवी आहे.

कारण ती पहाट मला फार आवडते. रात्रभर गाड्या कुलपाबंद आवारात, कुणीही हात लावायचा नाही. म्हणून सकाळी इंजिन सुरू न करता घोडे जुंपून गाड्या रेषेवर ओढत आणल्या. पहिल्या दिवशी ज्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्याच वाजता त्यानं निघायचं. सिसला 5 तास 45 मिनिटं लागली होती, म्हणून तो पावणेसहाला निघाला. निघाला म्हणजे इंजिन चालू करून थेट थांब्यावर गेला, आणि दोघांनी मिळून टायर बदलले, पेट्रोल भरलं. दहा मिनिटांहून जास्त वेळ गेला. मागे 26 मिनिटांवर त्याचा प्रतिस्पर्धी आल्बेर क्लेमां सुटणार होता. तरीही आधी टायर.

त्याच क्षणाचं मॉडेल करायचंय: मागचं उजवं चाक जॅकवर, रिम निम्मी बाहेर, दुसरी जमिनीवर टेकवून ठेवलेली. म्हणूनच रिम निघणारी हवी होती.

डाव्या चाकाचे आरे आज संध्याकाळी कापायला घेतोय. बारा लागतील, पंधरा कापतोय. जॅक कसा होता ते अजून कुठल्याच फोटोत नीट दिसलेलं नाही. कुणाकडे 1906 च्या आसपासचा जॅकचा स्पष्ट फोटो असेल तर जरूर कळवा, त्याच्या पायाचं माप मिळालं तरी पुरेल.