फर्नेसची झडती, भाग २: हीट एक्स्चेंजर निर्दोष निघाला

घरात विषारी कार्बन मोनॉक्साइड (सीओ) कुठून येतो हे शोधत मागच्या भागात अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या बेसमेंटपर्यंत, म्हणजे घर गरम करणाऱ्या गॅसच्या फर्नेसपर्यंत आलो होतो. छताला लावलेला सीओ अलार्म गप्प, पण कमी पातळी दाखवणारा मीटर संध्याकाळी १५-२० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत १५-२० भाग सीओ). अमेरिकेतला प्रमाणित अलार्म ७० पीपीएमला तासाभरानंतर, कधी चार तासांनीही वाजतो. ४०० ला मात्र ४ ते १५ मिनिटांत. त्यामुळे अलार्म वाजला नाही म्हणून घरात सीओ नाही, असं धरून चालत नाही. मीटर चढला की सगळ्यांनी बाहेर पडायचं, गॅस कंपनीला फोन करायचा, आणि मगच ही शोधाशोध.

ज्याला त्याला पहिला संशय हीट एक्स्चेंजरला (धूर आत ठेवून फक्त उष्णता खोल्यांच्या हवेला देणारा धातूचा भाग) तडा गेल्याचा. परवानाधारक तंत्रज्ञाने धुराच्या नळीत अ‍ॅनालायझर (धुरातले वायू मोजणारं यंत्र) घातला आणि ब्लोअर (गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा) सुरू होण्याच्या क्षणाची वाट पाहिली. तडा असेल तर ब्लोअरची हवा आत घुसते, ज्योत थरथरते, ऑक्सिजनचा आकडा उडी मारतो. इथे काहीच हललं नाही. सीओ दोन आकडी, म्हणजे ४०० पीपीएमच्या (धुरात मिसळलेली जास्तीची हवा वगळून) मर्यादेच्या खूप खाली. गॅसचा दाब ३.५ इंच उंच पाण्याच्या दाबाइतका, जसा हवा तसा.

खरी गंमत नंतर. खिडक्या बंद, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट, बाथरूमचे पंखे, ड्रायर आणि फर्नेसचा ब्लोअर, सगळं एकदम चालू. शेजारच्या वॉटर हीटरच्या ड्राफ्ट हूडपाशी (धूर चिमणीकडे जातो तिथली उघडी टोपी) धुराची कांडी धरली, तर धूर वर जाण्याऐवजी खोलीत यायला लागला. मीटरही चढला. वॉटर हीटरपासून हातभर अंतरावर रिटर्न डक्टचे (खोल्यांतली हवा फर्नेसकडे परत आणणाऱ्या नळीचे) जोड उघडे होते. ब्लोअर बेसमेंटची हवा तिथून ओढत होता, चिमणी उलटी वाहत होती, आणि स्वतःचाच धूर परत मिळालेली ज्योत सीओ तयार करत होती. तो पुढे फर्नेसनेच सगळ्या खोल्यांत वाटला. संध्याकाळीच का? स्वयंपाक, कपडे आणि आंघोळी एकाच वेळी.

जोड मॅस्टिकने (डक्ट बुजवायच्या लेपाने) बुजवले, वर फॉइल टेप. (नावात डक्ट असलेली ती करडी कापडी टेप डक्टवर लावू नका, उष्णतेने सुटते.) आता नुसता ब्लोअर चालू असताना धूर सरळ वर जातो. एक्झॉस्ट आणि ड्रायर जोडीला लावले की अजूनही उलटतो, म्हणून बाहेरून हवा आणणाऱ्या नळीची सोय होईपर्यंत वॉटर हीटर बंदच आहे.

पुण्यातल्या भावालाही फोन केला. त्याचा गॅस गीझर बाथरूममध्येच आहे, आणि ती एवढीशी खोली दार लावून. बाहेर ड्राय बाल्कनीत हलव म्हटलं, तयार झालाय.

फर्नेस बदलून ९० टक्क्यांवर कार्यक्षमतेचा घ्या, असं काहींनी सुचवलंय. त्याचा धूर प्लास्टिकच्या नळीतून बाहेर जाईल, पण मग मोठ्या चिमणीत वॉटर हीटर एकटा उरेल आणि एवढी चिमणी गरम ठेवणं त्याला झेपणार नाही (थंड चिमणी धूर नीट ओढत नाही). लायनरचं (चिमणीच्या आत घालायच्या बारीक नळीचं) माप कुणी काढलं असेल तर सांगा.