एलएस-४ चा नवा रेडिओ: खरेदी लांबली, काम पुढे सरकलं

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं होतं की या हंगामाआधी आमच्या तिघांच्या सामायिक एलएस-४ या ग्लायडरमध्ये (बिनइंजिनाच्या विमानात) नवा रेडिओ बसवायचाच. तक्रार एकच: बोलायला पीटीटी (बोलण्यासाठी दाबून धरायचं बटण) दाबलं की रेडिओ बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. ऐकू सगळं यायचं, आपलं मात्र कुणाला पोचायचं नाही. जर्मनीत रविवारी दुपारी धावपट्टीभोवती आठ-दहा ग्लायडर घिरट्या घालत असताना हे फार वाईट.

यादीत तीन नावं होती. तिन्ही ८.३३ किलोहर्ट्झवाले (म्हणजे चॅनेलमधलं अंतर तेवढं कमी), कारण २०१८ पासून इथे त्याशिवाय चालत नाही. बेकर एआर-६२०१ आणि केआरटी-२ हे पॅनेलच्या ५७ मिलिमीटरच्या गोल भोकात अख्खे बसणारे. ट्रिग टीवाय-९१ चं बटणांचं तोंड पुढे आणि डबा वेगळा, मागे कुठेही. आमच्या पॅनेलमागे आधीच नळ्यांचं जाळं, त्यामुळे माझा कल ट्रिगकडे होता.

पण पैसे भरण्याआधी सहज मल्टिमीटर लावला. रेडिओच्या कनेक्टरवर ऐकताना १२.५ व्होल्ट, बोलताना १०.३! ऐकताना रेडिओ पाव अँपियरसुद्धा घेत नाही, बोलताना दोनेक अँपियर ओढतो. म्हणजे वाटेत कुठेतरी एक ओहमचा रोध दडून बसलाय. बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज ठीक होतं. फ्यूज होल्डर उघडला तर आत हिरवट गंज. होल्डर बदलला, रेडिओ बोलायला लागला. चार युरोंची वस्तू!

तरी जुना रेडिओ ठेवणार नाही. त्याचं फिरवायचं बटण हातमोजे घालून दोन-दोन घरं उडी मारतं, उन्हात पडदा दिसत नाही आणि एका वेळी दोन फ्रीक्वेन्सी ऐकायची सोय नाही. मैदानाची फ्रीक्वेन्सी ऐकत असतानाच १२१.५ या आणीबाणीच्या फ्रीक्वेन्सीवर कान ठेवता आला तर मला बरं वाटतं.

यानंतर अँटेनाकडे वळलो. आमची शेपटीच्या उभ्या पंखात आहे. १२५ मेगाहर्ट्झला तरंगलांबीचा पाव भाग (अँटेनाला साधारण तेवढी लांबी लागते) सुमारे ६० सेंटिमीटर येतो, आणि फायबरग्लासमधून लहरी जातात. कार्बन फायबर असता तर त्याने त्या अडवल्या असत्या. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळते याचं माप, १ म्हणजे उत्तम) मोजला: १.७. चालेल. फक्त कोअॅक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) एका कनेक्टरची जाळी नुसती टेकलेली होती, ती पुन्हा क्रिंप केली.

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचने (दोर गुंडाळून ग्लायडर वर ओढणाऱ्या यंत्राने) उडायला लागलो तेव्हा रेडिओ म्हणजे मला एक बटण वाटायचं. आता कळतंय की हा वायरिंगचा छंद आहे, मधूनमधून आकाशात जायला मिळतं इतकंच.

पीटीटीही तपासलं. स्टिकमधून येणारी वायर वाकून वाकून तुटायला आली होती. तिच्या तारा एकमेकींना चिकटून पीटीटी दाबल्यासारखंच राहिलं तर स्वतःला काही ऐकू येत नाही आणि सगळ्यांची फ्रीक्वेन्सी अडते. विमानांचा रेडिओ एएमवर चालतो, त्यामुळे दोघे एकदम बोलले की निदान शिट्टी ऐकू येते. एफएममध्ये जोरकस सिग्नल दुबळ्याला गुपचूप गिळतो. म्हणून नव्या रेडिओत पीटीटी अडकल्यावर ठरावीक वेळाने प्रसारण आपोआप थांबतं की नाही, हे मी माहितीपत्रकात आधी शोधतो.

मायक्रोफोनचा प्रश्न राहिलाय. आमचा हंसमानी (लवचीक दांड्याचा) मायक डायनॅमिक प्रकारचा आहे. रेडिओत इलेक्ट्रेट या दुसऱ्या प्रकारच्या मायकची सेटिंग चुकून राहिली तर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. उधार आणलेल्या रेडिओवर तेच झालं, जमिनीवरचा मित्र म्हणाला, "अरे, झोपेतून बोलतोयस काय?"

सध्या केआरटी-२ आणि ट्रिग एवढेच उरलेत. शनिवारी पॅनेलमागची खोली पट्टीने मोजणार, मग ऑर्डर. बसवल्यावर क्लबच्या परवानाधारक निरीक्षकाची सही लागेल, म्हणून बॅटरीपासूनची नवी जाड वायर आत्ताच ओढून ठेवतोय.